कठीण शब्दांची वही

इंग्रजी शब्दांचे दोन थर आहेत. खालचा थर घरगुती आहे. ईट, ड्रिंक, स्लीप, वॉटर, मदर, हाउस हे त्यातले शब्द. पाचव्या-सहाव्या शतकात जर्मनिक टोळ्या ब्रिटनमध्ये उतरल्या आणि त्यांच्या बोलींतून हे शब्द आले. वरचा थर लॅटिन, ग्रीक आणि फ्रेंचमधून आलेला असून कोर्टकचेरी, वैद्यक, शास्त्र आणि धर्मचर्चा यांचे काम त्याच्यावर चालते. असे दोन थर मराठीतही आहेत, पण मराठीत ते एकमेकांना ओळखतात. ‘दात’ ठाऊक असलेल्याला ‘दंतवैद्य’ कळतो आणि ‘हात’ येणारा ‘हस्ताक्षर’पाशी अडत नाही. इंग्रजीत हा धागा तुटलेला आहे. ‘टूथ’वरून ‘डेंटल’, ‘आय’वरून ‘ऑक्युलर’ किंवा ‘मून’वरून ‘लूनर’ कोणाला सुचणार नाही. त्यामुळे वरच्या थरातले शब्द इंग्रजी घरात जन्मलेल्या मुलालाही वेगळे शिकावे लागतात. कठीण शब्दांच्या याद्या करण्याची, त्या पाठ करण्याची आणि त्यांच्यावर परीक्षा घेण्याची प्रथा यातूनच पडली. ती परक्यांसाठी निघालेली नव्हती. इंग्लंडमधल्याच अडलेल्या माणसांसाठी ती सुरू झाली.

फूट पडायला सुरुवात १०६६ मध्ये झाली. त्या वर्षी नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढची दोन-तीनशे वर्षे दरबार, न्यायालय आणि सरदारांची घरे फ्रेंचमध्ये बोलत राहिली. गुरे राखणारा इंग्रज आणि ताटावर बसणारा नॉर्मन, ही विभागणी शब्दांत अजून दिसते. गोठ्यातली ‘काउ’ ताटात ‘बीफ’ होते, ‘शीप’चे ‘मटन’ होते आणि ‘पिग’चे ‘पोर्क’. मराठी घरांत रविवारी शिजणाऱ्या मटणाचे नाव याच फ्रेंच ताटातून इंग्रजीमार्गे आले आहे.

खरा पूर आला तो सोळाव्या शतकात. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. पुढे ग्रीक-लॅटिन ग्रंथांची भाषांतरे इंग्रजीत होऊ लागली, तेव्हा पावलोपावली शब्द कमी पडू लागले. भाषांतरकारांनी लॅटिन शब्दांना इंग्रजी शेपट्या लावून ते सरळ आत घेतले. टॉमस एलियटने १५३१ च्या आपल्या ग्रंथात नवा शब्द लिहिताना शेजारी जुना, सोपा शब्द ठेवायची पद्धत ठेवली होती. ‘ॲनिमेट’ म्हटले की लगेच धीर देणे असा खुलासा यायचा. वाचकाचा हात धरून त्याला पुढे नेण्याची ही रीत आजच्या चांगल्या पाठ्यपुस्तकालाही शोभेल अशी आहे. सगळ्याच लेखकांना मात्र एवढी कणव नव्हती.

त्या काळी शाई शिंगाच्या दौतीत ठेवत, म्हणून अशा शब्दांना ‘इंकहॉर्न’ शब्द, म्हणजे दौतीतले शब्द, असे हिणवले जाई. टॉमस विल्सनने १५५३ मध्ये अलंकारशास्त्रावर पुस्तक लिहिले. त्यात त्याने अशा जड शब्दांनी भरलेले एक पत्रच नमुना म्हणून दिले. जागा मिळावी म्हणून कोणी एक माणूस आश्रयदात्याची विनवणी करतो आहे आणि त्याच्या लॅटिनाळलेल्या भाषेत विनंती बुडून जाते आहे. वाचकांनी हसावे म्हणून विल्सनने जे शब्द निवडले, त्यांत ‘सेलिब्रेट’, ‘एक्स्टॉल’, ‘कपॅसिटी’ आणि ‘डेक्स्टेरिटी’ आहेत. यांतले बरेच शब्द आज इतके अंगवळणी पडले आहेत की त्यांत हसण्यासारखे काय होते हे समजावून सांगावे लागते. केंब्रिजचा ग्रीकचा प्राध्यापक जॉन चीक याने दुसरे टोक गाठले. बायबलमधल्या मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचे भाषांतर करताना त्याने ‘सेंच्युरियन’साठी ‘हंड्रेडर’ आणि ‘लूनॅटिक’साठी ‘मून्ड’ असे अस्सल देशी शब्द घडवले. भाषाशुद्धीची चळवळ पाहिलेल्या महाराष्ट्राला चीकची तळमळ सहज कळेल. सावरकरांचे ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ रुजले, तसे चीकच्या शब्दांचे झाले नाही. ते त्याच्या हस्तलिखितातच राहिले आणि लॅटिन शब्द टिकले.

त्यामुळे अडचणीत आला तो लॅटिन न शिकलेला वाचक. लॅटिन भाषा ग्रामर स्कूलमध्ये शिकवत आणि तिथे मुलींना प्रवेश नव्हता. व्यापारी, कारागीर आणि खेड्यातले मास्तर यांनाही तिचा गंध बेताचाच असे. दुसरीकडे प्रवचनांत आणि छापील पुस्तकांत नवे शब्द दररोज येत होते. मर्चंट टेलर्स शाळेचे मुख्याध्यापक रिचर्ड मलकॅस्टर यांनी १५८२ मध्ये सुमारे ८,००० इंग्रजी शब्दांची यादी छापली आणि कोणीतरी इंग्रजीचा कोश करावा अशी इच्छा बोलून दाखवली. यादीत अर्थ दिलेले नव्हते. १५९६ मध्ये एडमंड कूट या शिक्षकाने शालेय पुस्तकाच्या शेवटी कठीण शब्दांचे अर्थ थोडक्यात जोडले. मराठी पाठ्यपुस्तकात धड्याखाली ‘शब्दार्थ’ येतात, त्यांचेच हे जुने रूप.

हे काम स्वतंत्र पुस्तकात पहिल्यांदा केले रॉबर्ट कॉड्रीने. तो रटलंड परगण्यात आधी ओकमला शाळामास्तर होता, मग साउथ लफनमला धर्मोपदेशक झाला. प्युरिटन मतांमुळे त्याची ती जागा गेली. उतारवयात, मुलगा टॉमस याच्या मदतीने, त्याने १६०४ मध्ये ‘अ टेबल अल्फाबेटिकल’ हे पुस्तक काढले. त्यात सुमारे २,५०० शब्द आहेत. केवळ इंग्रजीतून इंग्रजी अर्थ देणारा हा पहिला कोश मानला जातो. पुस्तक पाच सख्ख्या बहिणींना अर्पण केलेले आहे. ते स्त्रियांच्या आणि इतर अशिक्षितांच्या उपयोगासाठी आहे असे मुखपृष्ठावरच म्हटले आहे, आणि यातच या पुस्तकाचे मोठेपण आहे. ज्यांना शाळेचे दार बंद होते त्यांच्यासाठी शब्दांचे दार उघडावे, हा हेतू इतक्या स्वच्छपणे त्याआधी कोणी मांडला नव्हता.

या पुस्तकाची पाने अगदी साधी आहेत. सुरुवात ‘अबँडन’पासून होते आणि पुढे टाकून देणे, सोडणे अशा अर्थाचे दोन-चार सोपे शब्द येतात. व्युत्पत्ती नाही, उदाहरण नाही, उच्चार नाही. फ्रेंचमधून आलेल्या शब्दाआधी एक खूण असते, ग्रीक शब्दापुढे ‘जी’ हे अक्षर आणि एखाद्या वस्तूचा केवळ ‘प्रकार’ सांगायचा असेल तिथे ‘के’. प्रस्तावनेत कॉड्री वाचकाला विनवतो की वर्णमाला क्रमाने, न अडखळता, पाठ करा. ‘ए’ने सुरू होणारा शब्द पुस्तकाच्या आरंभी शोधा, ‘व्ही’ने सुरू होणारा शेवटाकडे. आज पहिलीतल्या मुलाला ठाऊक असलेली ही गोष्ट त्याला समजावून सांगावी लागली, कारण वर्णक्रमाने शोधायची सवय त्याच्या वाचकांना नव्हती. शब्दांपैकी पुष्कळसे त्याने कूटच्या यादीतून आणि एका लॅटिन-इंग्रजी कोशातून उचलले होते. पुढच्या दीडशे वर्षांत प्रत्येक कोशकाराने आपल्या आधीच्याचे असेच उचलले. पहिल्या आवृत्तीची एकच प्रत उरली आहे, ती ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

कॉड्रीचा वाचक अडलेला शब्द समजून घेऊ पाहत होता. वीस वर्षांच्या आत दुसऱ्या गरजेचा वाचक पुढे आला. त्याला स्वतः भारदस्त बोलायचे होते. हेन्री कॉकरमने १६२३ मध्ये ‘द इंग्लिश डिक्शनरी’ काढली. पहिल्या भागात कठीण शब्दांचे सोपे अर्थ होते, तर दुसऱ्यात नेमके उलटे. रोजचा साधा शब्द शोधायचा आणि त्याच्यापुढे दिलेला नागर शब्द उचलून बोलण्यात घालायचा. तिसऱ्या भागात देवदेवता, पशुपक्षी वगैरेंची माहिती होती, म्हणजे बैठकीत चार गोष्टी सांगायची सोय. दुसऱ्या भागातले कित्येक शब्द लॅटिन कोशातून थेट उतरवलेले होते आणि जिवंत माणसाच्या तोंडी ते कधी आलेच नव्हते. शब्दसंग्रह वाढवून प्रतिष्ठा मिळवण्याच्या पुस्तकांचा उगम इथे आहे आणि त्या पुस्तकांचा जुना दोषही इथलाच आहे. शब्द कुठे वापरला जातो हे न सांगता तो वापरायला दिला, की शिकणारा फसतो.

पुढचा शतकभराचा काळ आकडे वाढण्याचा आहे. टॉमस ब्लाउंट या वकिलाने १६५६ मध्ये सुमारे ११,००० शब्द दिले आणि त्यांची व्युत्पत्ती सांगायला सुरुवात केली. कोशात साधे, रोजचे शब्दही हवेत ही कल्पना १७०२ पासून रुजली. नेथन बेलीच्या १७२१ च्या कोशात सुमारे ४०,००० शब्द झाले. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ मध्ये ४२,७७३ शब्दांचा कोश प्रसिद्ध केला, तेव्हा संख्येत फारशी वाढ झाली नव्हती. वाढ झाली ती पुराव्यात. थोर लेखकांच्या ग्रंथांतली सुमारे १,१४,००० अवतरणे त्याने शब्दांखाली मांडली. शब्द कोणी, कशासाठी, कोणत्या शेजारात वापरला हे वाचकाला पहिल्यांदा दिसले आणि कॉकरमच्या कोशाची उणीव इथे भरून निघाली. १८५२ मध्ये पीटर मार्क रॉजे या डॉक्टरने ‘थिसॉरस’ काढून कोशाची मांडणीच उलटी केली. त्याने शब्द वर्णक्रमाने न लावता कल्पनांच्या कुळांनी लावले. मनात अर्थ आहे पण शब्द सापडत नाही, अशा माणसासाठी ते पुस्तक होते. अमरकोश पाठ केलेल्या भारतीय विद्यार्थ्याला अर्थाच्या वर्गांनी शब्द लावण्याची ही तऱ्हा नवी वाटली नसती.

एव्हाना इंग्रजी मुंबई इलाख्यात रुजू लागली होती. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला निघाले. त्याच्या पानावर दोन रकाने असत, एकात इंग्रजी मजकूर आणि शेजारी मराठी. वाचणारा डावी-उजवीकडे नजर फिरवत दोन्ही भाषा ताडून पाही. शब्द संदर्भासह शिकण्याची याहून चांगली सोय त्या काळी दुसरी नव्हती. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आदल्याच वर्षी, १८३१ मध्ये, छापून झाला होता. त्यानेच सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश टॉमस कँडीने पूर्ण करून १८४७ मध्ये मुंबईत प्रसिद्ध केला. पहिला कोश मुख्यतः मराठी शिकणाऱ्या साहेबांच्या कामाचा होता. दुसऱ्याची गरज इंग्रजी शिकणाऱ्या एतद्देशीयांना अधिक होती. १८४४ मध्ये सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य देण्याचे ठरले, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि इंग्रजी शब्द पोटापाण्याशी जोडला गेला.

त्यानंतरच्या तीन-चार पिढ्यांची इंग्रजी घडवली ती तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने. धडा सुरू होताना नवे शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ, मग नियम, मग इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत उतरवायची वाक्ये, अशी तिची चाल असे. वाक्ये सुटी असत आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नसे. या पद्धतीत घडलेली पुस्तकी, नेमकी आणि जरा ताठर भाषा ‘तर्खडकरी इंग्रजी’ म्हणून ओळखली गेली. तिच्यावर टीका पुष्कळ झाली. मात्र घरात इंग्रजीचा एक शब्दही कानावर न पडणाऱ्या मुलाला शब्द आणि वाक्य एकाच वेळी हातात देणारे साधन म्हणून तिची किंमत मोठी आहे, आणि ती पुरेशी मान्य झालेली नाही. तिच्याच जोडीला वही असे. पानावर उभी रेघ मारायची, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, आणि एक बाजू हाताने झाकून दुसरी म्हणायची. स्पेलिंग अक्षर अक्षर सुटे करून मोठ्याने घोकायचे. पाढे पाठ करताना बसलेला ताल या घोकण्यातही उतरत असे.

घोकून काय साधते, हा प्रश्न हिशेबाने विचारला गेला तो ढाक्यात. मायकेल वेस्ट हे तिथे शिक्षणखात्यात काम करत होते. बंगालमधली बरीच मुले चार-सहा वर्षे इंग्रजी शिकून शाळा सोडतात आणि साधे पुस्तकही वाचू शकत नाहीत, हे त्यांना दिसत होते. शाळा जिथे सुटेल तिथपर्यंतच्या शिक्षणाचा मुलाला काही उपयोग झाला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. विम्याची पॉलिसी मध्येच सोडली तरी हातात काही रक्कम पडते, तशी त्यांची कल्पना होती आणि तिला त्यांनी नावही विम्यातलेच दिले होते. त्यांनी वाचनमाला तपासल्या तेव्हा दोन दोष आढळले. एक म्हणजे ‘आइल’, ‘नॉट’, ‘इअर’ असे पुस्तकी, जुनाट शब्द, जिथे ‘आयलंड’, ‘नथिंग’, ‘बिफोर’ शिकवायला हवेत. दुसरा म्हणजे नव्या शब्दांची गर्दी. एक शब्द पचायच्या आत दुसरा येतो आणि मूल वाक्याचा धागा सोडते. १९२६ पासून त्यांनी नव्या वाचनमाला लिहिल्या. १९३५ च्या त्यांच्या कोशात सुमारे २४,००० शब्द आणि वाक्प्रचारांचे अर्थ अवघ्या १,४९० शब्दांच्या आवाक्यात सांगितले होते. कॉड्रीने सोप्या शब्दांत अर्थ दिले, पण सोपे म्हणजे कोणते हे त्याने अंदाजाने ठरवले. वेस्टनी ते मोजून ठरवले.

शब्द मोजण्याचे काम अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी आधीच सुरू केले होते. छापील मजकुरात वारंवार येणाऱ्या १०,००० शब्दांची त्यांची यादी १९२१ ची. इंग्लंडमध्ये सी. के. ऑग्डन यांनी १९३० मध्ये ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ मांडली. वेस्ट यांची २,००० मूळ शब्दांची ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’ १९५३ मध्ये निघाली. तिच्यात शब्दाच्या प्रत्येक अर्थाची वारंवारता वेगळी दिली होती. सामान्य इंग्रजी मजकुराचा साधारण चार पंचमांश भाग एवढ्या शब्दांनी व्यापला जातो. उरलेला पाचवा भाग असंख्य विरळ शब्दांत विखुरलेला असतो, आणि ‘ॲडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी’ म्हणतात ती नेमकी तिथे असते. प्रत्येक शब्द क्वचित भेटतो, त्यामुळे तो आपोआप पाठ होत नाही.

या विरळ शब्दांवर अमेरिकेत मोठा व्यवसाय उभा राहिला. जॉन्सन ओ’कॉनर हे जनरल इलेक्ट्रिकमध्ये कामगारांच्या अंगभूत क्षमता तपासत असत. शब्दज्ञान आणि हुद्दा यांची सांगड असते असे त्यांनी १९३४ च्या एका लेखात मांडले. मंदीच्या दिवसांत ही गोष्ट हजारो वाचकांच्या मनात घर करून गेली. शब्दांमुळे यश मिळते की चांगल्या शिक्षणामुळे दोन्ही मिळतात, हा प्रश्न त्या उत्साहात मागे पडला. कोश छापणाऱ्या फंक अँड वॅग्नल्सचे एकेकाळचे प्रमुख विल्फ्रेड फंक यांनी जानेवारी १९४५ पासून ‘रीडर्स डायजेस्ट’मध्ये शब्दशक्तीचे सदर सुरू केले. एक शब्द, पुढे पर्याय, उत्तरे पलीकडच्या पानावर. मासिकाची भारतीय आवृत्ती १९५४ पासून निघू लागली आणि हे सदर मराठी घरांतही पेन्सिल घेऊन सोडवले जाऊ लागले.

फंक यांच्याबरोबर आधी एक पुस्तक लिहिलेल्या नॉर्मन लुइस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ १९४९ चे. त्याची सुरुवात माणसांच्या स्वभावांपासून होते. ‘इंट्रोव्हर्ट’ आणि ‘एक्स्ट्रोव्हर्ट’ हे शब्द घेऊन लुइस त्यांच्या पोटातला लॅटिन ‘व्हर्टो’, म्हणजे वळणे, हा धातू बाहेर काढतात आणि त्याच्याच आधारे पुढचे शब्द उलगडतात. सुटे शब्द पाठ करण्यापेक्षा त्यांची मुळे शिकवणारी ही रीत भारतात विलक्षण लोकप्रिय झाली आणि पुस्तक अजूनही रस्त्यावरच्या पुस्तकांच्या ढिगात हमखास सापडते. मराठी वाचकाला इथे एक जास्तीचा लाभ आहे, जो पुस्तकात लिहिलेला नाही. ‘व्हर्टो’ ही संस्कृत ‘वृत्’ धातूची सख्खी बहीण आहे, म्हणून ‘परिवर्तन’ आणि ‘वर्तुळ’ तिच्याच नात्यातले. ‘डेंटल’मधला ‘दंत’, ‘पेडल’मधला ‘पद’, ‘जेनेसिस’मधला ‘जन्’ आणि ‘सप्टेंबर’मधला ‘सप्त’ हेही तसेच. इंग्रज मुलाला ‘टूथ’वरून ‘डेंटल’कडे जाता येत नाही, मराठी मुलाला दातावरून तिथे पोचता येते. मराठी माध्यमाच्या शाळांनी हा पूल शिकवण्यात वापरला असता, तर कितीतरी मुलांची धास्ती कमी झाली असती.

यादीचे सगळ्यात कठोर रूप आणले ते अमेरिकी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षांनी. जीआरईमध्ये विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांतील नाते ओळखण्याचे प्रश्न असत. बॅरन्सच्या मार्गदर्शकातली ३,५०० शब्दांची यादी पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी रात्री जागून पाठ केली. तिचा आरंभ ‘अबेस’, ‘अबॅश’, ‘अबेट’ असा वर्णक्रमाने होतो. त्यामुळे ‘ए’ आणि ‘बी’ तोंडपाठ आणि ‘एस’ कोरा, अशी अनेकांची गत होई. जाड कागदाच्या पत्त्यांवर पुढे शब्द आणि मागे अर्थ लिहून ते ढिगाने फिरवले जात. या पत्त्यांमागचे शास्त्र जुने आहे. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विसरण्याचा वेग मोजला आणि अंतर ठेवून केलेली उजळणी अधिक टिकते हे दाखवले. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये त्याची खोकी बनवली. आलेला पत्ता पुढच्या कप्प्यात जाऊन उशिरा परततो, चुकलेला पहिल्या कप्प्यात येऊन रोज समोर उभा राहतो. शब्द पाठ करून घेणारी आजची पुष्कळ मोबाइल ॲप्स याच तत्त्वावर चालतात. ऑगस्ट २०११ मध्ये जीआरईतून विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्या दोन्ही काढून टाकल्या गेल्या आणि प्रश्न वाक्याच्या संदर्भात विचारले जाऊ लागले.

न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली उच्च शिक्षणाच्या पुस्तकांमधला सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर संगणकावर तपासला. कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चारही शाखांत सतत लागणारी, पण वेस्ट यांच्या २,००० मध्ये नसलेली ५७० शब्दकुळे त्यातून निघाली. ‘ॲनलाइज’, ‘कॉन्सेप्ट’, ‘डेटा’, ‘मेथड’, ‘थिअरी’ ही त्यांतली काही. बहुतेक सारी लॅटिन आणि ग्रीक मुळांची आहेत. कादंबऱ्या आणि वर्तमानपत्रे बाहेरच्या मदतीशिवाय सहज वाचता यावीत यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुळे लागतात, असा हिशेब त्यांच्याच विद्यापीठातले पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडला. तिथे पोचण्यासाठी नेशन भर देतात तो भरपूर आणि आवाक्यातल्या वाचनावर, आणि त्याच्या जोडीला शब्दांच्या पत्त्यांवर.